आमच्या ह्यांची कंबर

आमच्या ह्यांची कंबर धरली ती माझी बॅग माळ्यावरून काढताना. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याविषयी जे बोलणार आहे ते ऐकून कुणी मला दगडाच्या काळजाची समजू नये. मी म्हटलं होतं, स्टूल घ्या. हे म्हणाले, "एकतीस वर्षं बस चालवली, बॅग काय चीज आहे." टाचा उंचावल्या, बॅगेला हिसका दिला आणि तिथेच थांबले. दोन्ही हात वर, मान वाकडी, तोंड उघडं. कमरेत उसण भरली होती. मी आधी बॅग उतरवली, मग ह्यांना.

बॅग हवी होती मला. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या वर्कशॉपमध्ये मी एकोणतीस वर्षं कॉलरी शिवल्या. फक्त कॉलरी. शर्टाच्या बाकीच्या अंगाशी माझा संबंध आला नाही. सगळे मला कॉलरबाई म्हणत, आणि सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणातही साहेबांच्या तोंडून तेच निघालं. माझ्या शेजारच्या मशीनवर एक मैत्रीण बसायची. अंगाने काटकुळी आणि बोलायला टोचरी, म्हणून तिचं नाव सुई. ती मधेच नोकरी सोडून दुसऱ्या शहरात एका नाटक कंपनीचे कपडे शिवायला गेली आणि आता तिथली मुख्य झाली आहे. तिचा फोन आला. नवं नाटक आहे, त्यात एक राजा, सात दरबारी, दोन भुतं आणि एक अस्वल. "चार महिन्यांचं काम आहे," ती म्हणाली. "राहायला माझ्याकडे. शिवायला तुझ्यासारखा हात मला इथे सापडत नाही. एक तारखेला ये."

तिचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणून बसले होते. अस्वल शिवायला मिळणार म्हणजे काय, हे ज्याने आयुष्यभर कॉलरी शिवल्यात त्यालाच कळेल. ह्यांना सांगितलं तर हे पण लगेच म्हणाले, "जा की." आणि उठून बॅग काढायला गेले.

मग पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पहिले आठ दिवस खरोखर हाल झाले त्यांचे. पायात मोजे मी चढवले. शिंक आली की हे आधी भिंत शोधायचे. ज्या माणसाला डेपोत सगळे 'चाळीस' म्हणत, कारण त्याने बसचा वेग कधी चाळिसाच्या वर जाऊ दिला नाही, तो माणूस आता पलंगापासून बाथरूमपर्यंत जायला तेवढीच मिनिटं घेत होता. रोज संध्याकाळी साडेसातला मी मलम लावत होते. मी तेव्हा अजिबात चिडले नव्हते. सुईला फोन करून सांगितलं, जरा दम धर, नवरा उभा राहू दे.

शेजारच्यांनी एका फिजिओथेरपिस्टचं नाव सुचवलं; सगळं काम अंगठ्यांनी करते, म्हणून ती अंगठेवाली. सायकलच्या दुकानावर तिचं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. तिच्याकडे मशीन नाही, दिवे नाहीत, वायरी चिकटवणं नाही. दोन पलंग, मधे हिरवा पडदा, कोपऱ्यात हुकाला टांगलेला प्लास्टिकचा मणका, आणि ती. तिशीची, बुटकी, हातांना कसला तरी साधा साबणाचा वास. ती ह्यांना काका म्हणते, मला काकू, आणि हे तिला डॉक्टर म्हणतात. पहिल्या दिवशी तिने ह्यांना पालथं झोपवलं, पोटाखाली उशी दिली, कमरेवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "तीन आठवडे. जास्तीत जास्त चार. हाताने सुटेल हे."

तीन आठवडे झाले, चार झाले, पाच झाले. हे क्लिनिकमधून बाहेर यायचे ते कमरेवर हात ठेवूनच. "कसं वाटतंय?" "आहे अजून." आणि मग वर, अगदी पडलेल्या आवाजात, "तू जा गं, माझं होईल कसंतरी."

चौथ्या आठवड्यातच मला वाटायला लागलं की कुठेतरी पाणी मुरतंय. बिस्किटांचा डबा मी फ्रिजवर अगदी मागे ठेवते, कारण ह्यांना गोड कमी खायला सांगितलं आहे. तो डबा हलका होत होता. घरात माणसं दोन. मी बिस्किटं खात नाही, आणि दुसरा माणूस हात खांद्याच्या वर नेला की "आई गं" म्हणत होता.

मग मी कामाला लागले. टीव्हीचा रिमोट सोफ्याखाली पार भिंतीपर्यंत सारला आणि मॅच सुरू व्हायच्या वेळेला भाजी आणायला म्हणून बाहेर पडले. परत आले तर मॅच चालू, आवाज मोठा, आणि हे कमरेमागे दोन उशा घेऊन बसलेले.

"रिमोट कुठे सापडला?"

"इथेच तर होता."

शर्टाच्या पुढच्या बाजूला सोफ्याखालची धूळ, दोन्ही कोपरांनाही धूळ. दुसऱ्या दिवशी त्यांचा चष्मा कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात चादरींच्या मागे ठेवला. मी आंघोळ करून येईपर्यंत तो नाकावर होता. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र पलंगाखाली टाकलं. दुपारी शब्दकोडं सोडवलेलं मिळालं, आणि आडवा सातवा शब्द चुकलेला होता.

मला राग कशाचा आला ते नीट सांगते. नाटक केलं याचा नाही. नाटकवाल्यांकडेच तर मी निघाले होते. राग याचा की मला जाऊ नको म्हणायची ह्यांना हिंमत नाही, पण मी थांबेन अशी सोय मात्र करून ठेवलेली. म्हणजे ह्यांनी मोठ्या मनाने "जा" म्हणायचं आणि मी न जाण्याचं खापर माझ्याच डोक्यावर फुटायचं. तिकडे सुईने शेवटचं सांगितलं होतं, "शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळव. माझी भुतं उघडी बसलीत. तू नसशील तर मला दुसरी बघावी लागेल." दुसरी कोण, तेही मला माहीत होतं. तिच्या हातचं अस्वल म्हणजे गोणीला कान.

सोमवारी हे झोपलेले असताना मी एकटीच अंगठेवालीकडे गेले. रिमोट, चष्मा, बिस्किटं, सगळा पाढा वाचला. तिने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तिला ते फारसं जमलं नाही.

"काकू, पहिले तीन आठवडे काकांची कंबर लाकडासारखी होती," ती म्हणाली. "उजव्या बाजूला मणक्याशेजारी ही एवढी गाठ. ती कधीच सुटली. परवा तर मी अंगठा टेकवायच्या आधीच ते 'आई गं' म्हणाले."

"म्हणजे सोंगच."

"तसं मी म्हणणार नाही. दुखतंय म्हणणाऱ्याला दुखत नाही असं मी कधी सांगत नाही. माझ्या बोटांना लागत नाही म्हणून दुखतच नसेल असं थोडंच आहे."

"मग मी काय करू? शुक्रवार चार दिवसांवर आलाय."

ती म्हणाली, "तुम्ही शिकून घ्या. तुमच्याच बोटांनी बघा."

घरातल्या एका माणसाला हात शिकवायचा ही तिची नेहमीचीच पद्धत आहे. पण तिने मला शिकवलं ते स्वतःवर. पडदा ओढला, पलंगावर पालथी पडली आणि म्हणाली, "दिवसभर वाकून माझी पण धरलीय. दोघींचं काम होईल." मी अंगठे लावले आणि जोर केला तशी ती ओरडली. "जोर नाही, काकू. जोर काढा, वजन सोडा. कोपर सरळ. मी श्वास सोडते तेव्हा आत, घेते तेव्हा बाहेर. दाबा, थांबा, सोडा. घाई नाही."

मला वाटलं होतं त्यापेक्षा ते लवकर आलं. कापडाला कुठे ताण आहे ते डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं, तसंच हे. मणक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड पट्टा असतो, तो कुठे निवांत आहे आणि कुठे अडून बसलाय ते अंगठ्याला लागतं. अडलेल्या जागेशी भांडायचं नाही, तिथे नुसतं थांबायचं. हा थांबण्याचा भाग मला सगळ्यात जड गेला, कारण माझा स्वभाव तसा नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दुपारी मी तिची पाठ चेपली, आणि बुधवारी ती उठून ताठ उभी राहत म्हणाली, "काकू, तुम्ही तर माझं दुकान बंद कराल."

मग तिनेच डोळे बारीक करून कट सांगितला. "उद्या काका पालथे झाले की पडद्याआड या. चपला बाहेर काढा. मी त्यांच्याशी खोटं बोलणार नाही. हात कुणाचा असं त्यांनी विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर सांगणार नाही."

माझा बेत साधा होता. माझ्या बोटांखाली पाठ मऊ असणार, ह्यांच्या तोंडून "आई गं" निघणार, आणि मी तिथल्या तिथे म्हणणार, उठा, सोंग पुरे झालं, उद्या मी सुईला हो म्हणतेय. रंगेहाथ पकडायचं. रात्री मी ते वाक्य चार वेळा घोटून ठेवलं होतं.

गुरुवारी मी चपला काढून आत शिरले तेव्हा हे पालथे पडले होते. त्या पलंगाला तोंडासाठी एक भोक असतं, त्यात चेहरा घालायचा, म्हणजे मान सरळ राहते. माणसाला खालची फरशी सोडून काही दिसत नाही आणि त्याचा आवाज हंड्यातून आल्यासारखा येतो. दोन्ही हात पलंगाच्या कडेने खाली लोंबत होते. अंगठेवालीने स्वतःचे हात उचलले, माझे तिथे ठेवले आणि माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"आज हात गरम आहेत तुमचे, डॉक्टर," हे म्हणाले.

"गरम हात बरे असतात," ती म्हणाली. "बोलत राहा, काका. बोललं की पाठ सैल पडते. घरी काय म्हणतात?"

"घरी काय म्हणणार. घरी पोलीस चौकी झालीय." हे हसले आणि पाठ माझ्या हातांखाली हलली. "बायको माझ्या वस्तू लपवते. रिमोट सोफ्याखाली सारते. मला कळत नाही असं तिला वाटतं. मला कळत होतं हो, पण मॅच होती."

मी अंगठ्यांवर जरा जास्तच वजन सोडलं.

"आई गं," हे म्हणाले. अंगठेवालीने माझं मनगट धरलं.

"म्हणजे काका, वाकता येतं तुम्हाला."

"येतं. दोन आठवडे झाले. तुमचा हात चांगला आहे, डॉक्टर. तुमची बदनामी नको व्हायला, म्हणून सांगितलं. बाहेर बोलू नका."

घ्या. कबुली आयती हातात पडली. घोटून ठेवलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. पण अंगठेवालीने डोळ्यांनीच मला थांब म्हटलं आणि विचारलं, "मग काकू चार महिने जाऊ नयेत म्हणून हे सगळं?"

"तिने जायलाच पाहिजे," हे म्हणाले. "एकोणतीस वर्षं कॉलर शिवली तिने. तीच एक कॉलर. फोन आला त्या दिवशी बाईसाहेब जेवताना अस्वलाच्या पंजाला किती तुकडे लागतील ते बोटांवर मोजत होत्या. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं."

"मग अडवता कशाला?"

मी दाबत होते, थांबत होते, सोडत होते.

"तुम्ही लहान आहात, तुम्हाला गंमत वाटेल," हे म्हणाले. "ती सकाळी आठला वर्कशॉपला जायची. माझी ड्यूटी दुपारी दोन ते रात्री अकरा. मी घरी यायचो तेव्हा ती झोपलेली, ती निघायची तेव्हा मी झोपलेला. तिची सुट्टी रविवारी, माझी बुधवारी. आमचं बोलणं सगळं स्वयंपाकघरातल्या चिठ्ठ्यांवर. दूध तापवलंय. लेकीला ताप आहे, गोळी दिली. चावी शेजारी. लेक मोठी झाली, नोकरीला लागली, लांब गेली, तेही मला बहुतेक चिठ्ठीवरच कळलं असेल. मी निवृत्त झालो तर हिची दोन वर्षं बाकी होती. आता ती घरी आली, सहा महिने झाले. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एका शिफ्टला आलोय, डॉक्टर. आणि ती निघाली."

"हे काकूंना सांगा ना."

"कुठल्या तोंडाने? ऐकलं तर ती थांबेल. हट्टी आहे, पण ती थांबेल, आणि मग अस्वल आयुष्यभर आमच्या दोघांच्या मधे बसेल. तोंडाने सांगता येईना म्हणून कंबर पुढे केली." मग हळू, "आणि कंबर दुखते म्हणून ती संध्याकाळी साडेसातला मलम लावते. रागारागाने लावते. पण दहा मिनिटं हात असतो तिचा."

माझे अंगठे थांबले. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. ह्यांचा आला आणि माझाही आला. सहा महिने मी या माणसाला स्वयंपाकघरात "बाजूला व्हा, मधे मधे येऊ नका" म्हणत होते. एकाच फ्रिजला दोघांनी एकाच वेळी हात लावायची आम्हाला सवयच नव्हती. मला तो अडथळा वाटत होता. हे मात्र त्यासाठीच तिथे घुटमळत होते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

घोटलेलं वाक्य गेलं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मग हे घरी सांगायला काय झालं होतं?"

हातांखालची पाठ एकदम दगड झाली. अंगठेवाली टॉवेल आणायला म्हणून पडद्याबाहेर सटकली. टॉवेल तिच्या खांद्यावरच होता. मला वाटलं, हे आता उठतील, ओरडतील. ह्यांनी डोकंसुद्धा वर काढलं नाही.

"कधीपासून आहेस तू?" भोकातून आवाज आला.

"गरम हातांपासून."

खाली सायकलच्या दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं.

"घरी तू समोर असतेस," हे म्हणाले. "तुझ्याकडे बघून मला असलं बोलता येत नाही."

"मग बघू नका. तसेच पडून राहा आणि ऐका. उद्या मी सुईला हो म्हणतेय. येत्या एक तारखेला जातेय."

"जा," हे म्हणाले. एवढंच म्हणाले, पुढे कसंतरी-बिसंतरी काही जोडलं नाही.

"आणि दर दुसऱ्या शनिवारी तुम्ही तिकडे यायचं. दोन दिवस राहायचं. सुईला मी सांगते."

"सहा तास बसमध्ये? तेही दुसऱ्या कुणाच्या ड्रायव्हिंगवर?" आवाजात जीव आला होता, कुरकूर करायला तेवढा लागतोच. "कंबर आखडेल माझी."

मी ह्यांच्या श्वासाची वाट पाहिली. हे श्वास सोडायला लागले तसे अंगठे पुन्हा मणक्याशेजारी टेकवले.

"आखडली तर आखडली," मी म्हटलं. "मला आता सोडवता येते."